घसघशीत आकडा

लोकांच्या दारात उभं राहून अवघड प्रश्न विचारायचे, हे माझं काम. मोठी बँक, म्हणजे सगळ्या बँकांची बँक, जिथे साऱ्या देशाचा व्याजदर ठरतो, ती दर दोन महिन्यांनी घरोघर विचारणा करते. महागाई सध्या किती वाटते, तीन महिन्यांनी किती असेल, वर्षाने किती असेल. बँक स्वतः काही जिने चढत नाही. ती एका कंपनीला काम देते, कंपनी माझ्यासारख्या बायकांना कंत्राटावर घेते आणि आम्ही टॅबलेट छातीशी धरून बेल वाजवत फिरतो. लोकांना आधी वाटतं आम्ही साबण विकायला आलोय. मग वाटतं मतं मागायला आलोय. आम्ही काही देतही नाही आणि नेतही नाही हे कळलं की त्यांना आमची दया येते आणि ते पाणी विचारतात.

प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, समजावून सांगायचा नाही. मान डोलवायची नाही, भुवया उडवायच्या नाहीत. समोरच्याने कसलाही आकडा सांगितला तरी चेहरा कोरा ठेवायचा. हे शेवटचं मला कधीच जमलं नाही. माझ्या मनातलं आधी तोंडावर उमटतं आणि लगेच तोंडातून बाहेर पडतं, मध्ये अडवायला कुणी नाही. वहिनी म्हणते, "वन्सं, तुमचं ठरलेलं लग्न त्या चेहऱ्यामुळेच मोडलं." मोडलं ते बरंच झालं, पण तो विषय वेगळा.

मी दादाकडे राहते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पुठ्ठ्याची खोकी बनवतो. वर आमचं घर आणि खाली कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, आहे ती एक लांबट शेड. सात-आठ माणसं, खळीचा आंबूस वास आणि मधोमध ते मशीन. सपाट कागद एका बाजूने आत जातो, दातेरी रोलरच्या जोडीतून लाटा घेऊन बाहेर येतो, लाटांच्या टोकांना खळ लागते, वरून-खालून सपाट कागद चिकटतो आणि झाला पुठ्ठा. धंदा जोरात होता तेव्हा दादाने कर्ज काढून ते घेतलं. कर्ज बदलत्या व्याजाचं. तेव्हा जो तो म्हणत होता, बदलतं व्याज म्हणजे स्वस्त व्याज. बदलतं म्हणजे ते बदलणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग ते बदललं. कागदाचा रोल महाग झाला, वीज महाग झाली, खळीचा स्टार्च महाग झाला. दादाने नाइलाजाने खोक्याचा भाव वाढवला. वाढवला तशी मागणी गळाली, कारण खोकी लागतात कुणाला? बूटवाल्याला, पंखेवाल्याला, बिस्किटवाल्याला. आणि लोक बूट घेईनासे झाले होते, जुन्यांनाच तळवे ठोकून घेत होते. धंदा बसला की निदान भाव उतरतात, असं आम्ही आजवर पाहत आलो. या वेळी भाव चढत होते आणि गिऱ्हाईकही गायब होतं. दादाने माणसांना एक दिवस आड बोलवायला सुरुवात केली. त्यातच मोठ्या बँकेने व्याजदर वाढवला, मग पुन्हा वाढवला, मग पुन्हा. प्रत्येक वाढीला दादाचा हप्ता फुगत गेला. शेवटी ज्या बँकेचं कर्ज होतं तिच्या माणसाने तोंडावर सांगितलं, "अजून एकदा दर चढला आणि हप्ता चुकला, तर मशीन उचलावं लागेल."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. दर चढणार की नाही?

खरं तर या प्रकाराला एक नावही आहे. प्रशिक्षणात एका चष्मेवाल्या बाईंनी ते फळ्यावर लिहिलं होतं, स्टॅगफ्लेशन. बाई म्हणाल्या, भाव पेटलेले आणि धंदा विझलेला, अशी ही अवस्था. मोठ्या बँकेच्या हातात मुळात एकच कळ, व्याजदराची. ती वर केली तर भाव थंडावतात पण धंदा आणखी बसतो. खाली केली तर धंद्यात जीव येतो पण भाव भडकतात. मी हात वर करून विचारलं, "मग दोन्ही एकदम झालं तर बँक काय करते?"

"आधी भाव आवरते," बाई म्हणाल्या. "धंदा उद्या उठेल. पण महागाई वाढतच राहणार असं एकदा लोकांच्या मनाने घेतलं, की मजूर आधीच जास्त मजुरी मागतात, दुकानदार आधीच भाव वाढवून ठेवतात आणि मग ती खरंच वाढत राहते. लोकांच्या मनातला तो आकडा चढला, की बँकेला दर चढवावाच लागतो. म्हणून तर तुम्हाला पाठवतो घरोघर."

मला तेव्हा ते पटलं होतं. ऐकायला सगळं पटतं, विशेषतः पंख्याखाली बसून.

या फेरीत माझ्या वाट्याला आमच्याच मागची गल्ली आली. घरं संगणक निवडतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. एकदा गल्ली लागली की सलग काही फेऱ्या तीच घरं. स्वतःचं घर चालत नाही, शेजारी चालतात, असं आमच्या तपासनिसाने सांगितलं. आम्ही सगळ्याजणी त्याला दशांश म्हणतो. माणूस वाईट नाही, पण त्याला "कसे आहात" विचारलं तरी तो टिंबाच्या पुढचे आकडे देईल.

संध्याकाळी चहाला मी सहज म्हटलं, "उद्यापासून मागच्या गल्लीत आहे."

दादाने विचारलं, "तुझे हे आकडे जातात तरी कुठे?"

"थेट वर. व्याजदर ठरवणारी समिती असते ना, तिच्या टेबलावर." मी हे जरा ताठ्यातच सांगितलं. या घरात माझ्या कामाला काम म्हणायची पद्धत नव्हती.

"थेट?"

"थेट."

"मध्ये कुणी साहेब, कुणी मंत्री?"

"दशांश आहे. पण तो असून नसल्यासारखा."

दादाने बिस्कीट उचललं. ते चहात बुडवून तसाच बसून राहिला आणि ते बिस्कीट तुटून कपात गेलं तरी त्याला पत्ता नाही. मला वाटलं, हप्त्याची चिंता लागलीय. तसं नव्हतं. त्याला आशा वाटायला लागली होती. आमच्या खानदानात दोन्हीला चेहरा एकच असतो.

गल्लीतलं पहिलं घर शिंपीणकाकूंचं. दाराशी शिलाई मशीन, शेजारी उसवलेल्या कपड्यांचा ढीग. नवं कापड त्यांच्याकडे कुणी आणेना, म्हणून त्या लोकांच्या जुन्या पँटी सैल-घट्ट करून देत होत्या. मी टॅबलेट उघडला आणि वाचायला लागले, "आजपासून एका वर्षाने, तुमच्या मते, वस्तूंच्या किमती..."

"पंचवीस टक्के," काकू म्हणाल्या.

"काकू, प्रश्न पुरा होऊ द्या. आणि त्याआधीचा माझाच वाचायचा राहिला. सध्या महागाई किती टक्के वाटते?"

काकू गोंधळल्या. "सध्याचं? सध्याचं नाही ठरलं."

"काय नाही ठरलं?"

"काही नाही हो. लिहा वीस."

मी लिहिलं. भुवया बहुतेक उडाल्या असाव्यात, पण काकू सुईत दोरा ओवत होत्या.

पुढचं घर मास्तरांचं. शाळेतून निवृत्त झालेले, पेन्शन आहे तेवढीच, आणि तिची किंमत दर महिन्याला झिजतेय. त्यांनी मला खुर्ची दिली, प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला, घसा खाकरला आणि वर्गात उत्तर सांगावं तसं म्हणाले, "पंचवीस टक्के. माझ्या मते जास्तच, पण पंचवीसवर एकमत झालंय."

"कुणाचं एकमत?"

"जनतेचं," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पुढच्या घरातल्या नव्या जोडप्याने एकमेकांकडे बघत "पंचवीस ना? की तीस होतं?" म्हटलं तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. त्याच्या पुढच्या दारात एक आजी बसून होत्या. मला बघताच त्यांनी हात वर करून पाची बोटं पसरली आणि म्हणाल्या, "पंचवीस!"

"आजी, मी अजून काही विचारलं नाही."

"मग विचार. मी कुठे पळून चाललेय?"

"तुम्हाला हा आकडा कुणी सांगितला?"

"तुझ्या दादाने. काल फिरला ना तो दारोदार. म्हणाला, उद्या माझी धाकटी येईल, तिला चांगला घसघशीत आकडा सांगा. बारीक आवाजात बोललं की वरच्यांना ऐकू जात नाही. एकदा आपले हाल त्यांना कळले, की ते व्याज उतरवतील, काहीतरी सवलत देतील." आजींनी माझा हात धरला. "गुणाचा आहे हो तुझा भाऊ. स्वतःचं एवढं बुडतंय, तरी सगळ्या गल्लीसाठी पायपीट करतोय."

माझा हात त्यांच्या हातात होता म्हणून बरं, नाहीतर मी टॅबलेट आपटला असता. एवढा संताप आला मला आणि त्याच वेळी रडूही आलं. जे व्याज चढू नये म्हणून दादाची झोप उडाली होती, ते चढवायला स्वतःच्या पायांनी फिरत होता तो. आणि आजींचा आकडा मला भरावाच लागला. उत्तर देणाऱ्याने सांगितलं ते लिहायचं, ते का सांगितलं हे विचारायला त्यात जागाच नाही. बटण दाबलं की आकडा वर गेला, परत येत नाही.

मी तडक कारखान्यात गेले. मशीन बंद होतं. दादा आणि खळकाका कागदाच्या रोलवर बसून चहा पीत होते. खळकाका म्हणजे आमचा सगळ्यात जुना कामगार. खळ शिजवायचं काम त्याचं, आणि हातापायांना कायम तिची पापुद्र्यासारखी साल असते, म्हणून खळकाका.

"दादा, तू गल्लीत काय सांगत फिरलास?"

"जे खरं आहे ते," दादा म्हणाला. "जरा ठळक करून."

"ठळक? अरे, अकलेचे तारे तोडलेस तू! लोकांना महागाई वाढेल असं जितकं जास्त वाटतं, तितकी बँक दर चढवते. उतरवत नाही, चढवते! तू पंचवीस सांगायला लावलंस म्हणजे 'दर वाढवा' म्हणून सांगायला लावलंस."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. लहानपणी मी भुताची गोष्ट सांगायचे तेव्हा हसायचा, तसाच.

"काहीतरीच काय बोलतेस? माणूस ओरडतोय म्हणून त्याचाच गळा कोण दाबेल?"

"त्यांना वाटतं, व्याज महाग केलं की लोक कर्ज काढत नाहीत, खरेदी कमी होते आणि भाव खाली येतात."

"खरेदी कमी होते?" दादाने शेडभर हात फिरवला. कोपऱ्यात घडी घातलेली खोकी छतापर्यंत रचून ठेवली होती, बूटवाल्याने नको म्हटलेली. "इथे खरेदी आहेच कुठे कमी व्हायला? कागद महाग आहे तो मी जास्त घेतो म्हणून महाग आहे का? मी तर निम्मासुद्धा घेत नाही."

याचं उत्तर असलंच तर चष्मेवाल्या बाईंकडे असेल.

खळकाका समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, डॉक्टरकडे गेलं की दुखणं थोडं वाढवूनच सांगावं लागतं. नाहीतर तो एक गोळी देतो आणि घरी पाठवतो. दादाने काही वावगं नाही केलं."

"काका, हा डॉक्टर वेगळा आहे."

"डॉक्टर सगळे सारखेच," काका म्हणाला. "शेवटी त्यांनाही पेशंट जगायलाच हवा असतो."

त्या दोघांच्या बोलण्यात कुठे चूक होती हे मला दाखवता येईना. साध्या माणसाने साधा विचार केला तर तो असाच करेल. मी त्यांना खोटं ठरवायला गेले होते आणि दारातून परत फिरताना मलाच माझं म्हणणं विचित्र वाटायला लागलं.

वर येऊन मी दशांशला फोन लावला. सगळं सांगितलं. भावाने पढवलंय, गल्लीतली उत्तरं खोटी आहेत, काढून टाका. नोकरी गेली तर जाऊ दे असं मनाशी ठरवूनच बोलले.

तो शांतपणे म्हणाला, "उत्तर काढता येत नाही. लोकांनी दिलं ते उत्तर. ते त्यांच्या मनातून आलं की तुमच्या भावाच्या, हे आपण तपासत नाही."

"पण मग दर चढेल ना साहेब!"

तिकडून कळफलक वाजल्यासारखा आवाज आला. "तुमचा भाऊ किती गल्ल्यांमध्ये फिरला?"

"एकाच."

"मग ऐका. नदीपलीकडच्या वस्तीत बावीस पूर्णांक चार आलंय. गोदामांच्या भागात तेवीस पूर्णांक एक. टेकडीवरच्या बंगल्यांमध्येसुद्धा एकवीसच्या खाली कुणी बोललेलं नाही. तिथे तर तुमचा भाऊ गेला नव्हता ना? इतर शहरांचंही तेच आहे. तुमच्या गल्लीने पंचवीसऐवजी पाच सांगितलं असतं, तरी वरचा आकडा फार तर टिंबानंतरच्या तिसऱ्या घरात हलला असता."

"म्हणजे आमच्यामुळे काहीच होत नाही?"

"मोजण्याइतकं नाही."

"मग मी आता काय करू, साहेब?"

"पुढचं घर करा," दशांश म्हणाला. आवाजात तिरकसपणा नव्हता. त्याला खरोखरच दुसरं काही सांगता येत नव्हतं.

मी फोन ठेवला आणि पलंगावर बसले. दादाच्या हातून काही बिघडलं नव्हतं, म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. चूक असती तर निस्तरली असती, गल्लीच्या पाया पडून आकडे बदलून घेतले असते. इथे निस्तरायला काही नव्हतंच. नदीपलीकडे, गोदामांपाशी, टेकडीवर, जिकडेतिकडे माणसं तेच करत होती. कुणी खरं घाबरून, कुणी वरच्यांना ऐकू जावं म्हणून. आणि वरचे त्या सगळ्याची बेरीज करून कळ वर ढकलणार होते. मला फार एकटं वाटलं.

दर जाहीर व्हायच्या दिवशी दादाने दुपारी अख्खी गल्ली कारखान्यात बोलावली. शिंपीणकाकू आल्या, मास्तर आले, नवं जोडपं बाळाला घेऊन आलं. आजींना खळकाकाने हाताला धरून आणून रोलवर बसवलं. वहिनीने सगळ्यांना चहा दिला, साखर बेताची. दादाने घरातला टीव्ही खाली आणून खोक्यांच्या थप्पीवर ठेवला होता. बिघडलेल्या कामाला इतकी माणसं जमलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मी दाराशी उभी राहिले, चेहरा अर्धा भिंतीकडे करून.

मोठ्या बँकेचे अध्यक्ष आले. थकलेला माणूस होता. त्यांनी कागद वाचायला घेतला. वाढ खुंटली आहे, म्हणाले. कारखान्यांमध्ये काम कमी झालं आहे, बेकारी वाढते आहे, याची समितीला जाणीव आहे.

"बघा, जाणीव आहे," मास्तर कुजबुजले.

"मात्र त्याच वेळी," अध्यक्षांनी पान उलटलं, "घरोघर केलेल्या पाहणीत असं दिसून आलं आहे की, महागाई वाढतच राहील ही भावना लोकांच्या मनात खोलवर रुजली आहे. समितीने या गोष्टीची अत्यंत गंभीर दखल घेतली आहे."

शेडमध्ये एकच गलका झाला. शिंपीणकाकूंनी टाळ्या वाजवल्या. "आपलं! आपलंच बोलतायत ते!" खळकाकाने आजींच्या कानात ओरडून सांगितलं, "दखल घेतली, आजी! गंभीर दखल!" दादा उठून उभा राहिला होता. त्याने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं आणि हात उंचावला, शर्यत जिंकल्यासारखा. किती तरी महिन्यांनी मी त्याला तसं पाहिलं. त्याचा तो हात बघून मला वाटलं, हा टीव्ही आत्ता बंद पडावा, वीज जावी, निदान एवढा एक क्षण याला पुरवून खाऊ द्यावा.

वीज गेली नाही. त्या गलक्यात पुढचं वाक्य कुणाला नीट ऐकू आलं नाही. पडद्याखाली पट्टी सरकू लागली तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसून वाचली, "व्याजदरात वाढ."

"वाढ?" नव्या जोडप्यातली मुलगी म्हणाली. "म्हणजे सवलत वाढवली ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बँकेची गल्लीतली माणूस मीच. शिकवल्याप्रमाणे चेहरा कोरा ठेवायचा सगळा प्रयत्न मी केला. तरी त्यांना उत्तर मिळालं असावं, कारण काकूंनी पदर सावरला आणि "येते मी, पँट द्यायचीय एकाची" म्हणत निघाल्या. मग एकेक करून सगळेच उठले. आजी तेवढ्या विचारत राहिल्या, "काय म्हणाला तो? दिलं का काही?" काका त्यांना "बघू, बघू" म्हणत घेऊन गेला.

हप्ता चुकला. तो चुकणारच होता. बँकेची माणसं आली, दोन इस्त्रीच्या शर्टातली आणि बाकीची साखळ्या, कप्प्या घेऊन. दादा भांडला नाही. मला वाटलं होतं तो आडवा पडेल, निदान शिव्या देईल. त्याने शेडचं मोठं दार स्वतः उघडून दिलं. वहिनी वरून खाली आलीच नाही.

ती माणसं मशीन सुटं करायला लागली. एकाने वरच्या रोलरला दात्यांवरूनच साखळी गुंडाळली आणि ओढ दिली. दादा कोपऱ्यात उभा होता, तो धावत आला.

"अहो, असं नाही! दाते जातील! एक जरी दाता बोथट झाला तरी लाट सरळ येत नाही. इकडून धरा, दांड्याला. आधी कापड गुंडाळा."

कापड मिळेना तेव्हा त्याने अंगातला शर्ट काढून दात्यांवर गुंडाळला. मग तो आणि खळकाका खांदा लावून उभे राहिले आणि त्यांनी ते रोलर अलगद उचलून टेम्पोत चढवले. त्या शर्टवाल्यांपैकी एक म्हणाला, "मालक, तुम्ही राहू द्या." दादा म्हणाला, "तुम्हाला नाही जमणार ते." दुपार होईपर्यंत तो त्यांना सांगत होता, हा नट उलटा फिरतो, ही पट्टी शेवटी काढा, ही खळीची तळी आडवी नका करू, आत ओल आहे. मला बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

टेम्पो गेल्यावर शेडमध्ये जमिनीवर मशीनच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला. दादा बनियनवर पायरीवर येऊन बसला. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी साबण आणि बादली आणून ठेवली. त्याने हात बुडवले, पण चोळले नाहीत.

"धाकटे," तो म्हणाला, "खरं सांग. माझं कुठे चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही, दादा."

"मग असं कसं झालं? त्यांनी आपलं ऐकलं. टीव्हीवर बोलले. गंभीर दखल म्हणाले. तरीही..." तो पाण्याकडे बघत राहिला. मग एकदम मान वर करून माझ्याकडे वळला. डोळ्यांत तीच चमक, त्या दिवशी चहाच्या वेळेची. "आपण कमी सांगितलं का गं? पंचवीस म्हणजे त्यांना वाटलं असेल, सोसतील हे. चाळीस-पन्नास सांगायला हवं होतं का?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ओरडून सांगावं की नाही रे बाबा, तसं नाही, किती वेळा सांगू. पण सांगून पुढे काय? तुझ्या ओरडण्याचा असाच अर्थ लावतात, हे त्याने एकदा हसण्यावारी नेलं होतं. राहिलं होतं ते दशांशने सांगितलेलं, की तू ओरडलास काय आणि गप्प बसलास काय, मोजण्याइतका फरक पडत नाही. ते मात्र माझ्याच्याने बोलवेना. मशीन गेलं होतं, माणसं गेली होती, आता एवढंच त्याच्याजवळ राहिलं होतं की आपण बोललो आणि वर कुणीतरी ऐकलं. ते काढून घ्यायला मी कोण?

"हो, दादा," मी म्हटलं. "कमीच सांगितलं आपण."

"तरीच!" दादा म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. त्याने भराभर हात चोळले, पाणी झटकलं आणि उठून पायांत चपला घातल्या.

"कुठे निघालास?"

"मास्तरांकडे जाऊन येतो. तुझी पुढची फेरी कधी आहे?"

मी सांगितली. तो ओल्या हातांनीच, बनियनवर, मागच्या गल्लीकडे चालायला लागला. मी त्याला अडवलं नाही.